आवाज ऐकव

खालच्या खाचरातलं भात कापायला घेतलं तेव्हा उजाडून अर्धा तासही झाला नव्हता. संजीवनीच्या कमरेला ओढणीच्या गाठीत मोबाईल होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. दोन-चार मुठी कापल्या की तो पोटाशी थरथरायचा. मग ती विळा काखेत धरायची, हात अंगातल्या नवऱ्याच्या, संतोषच्या, जुन्या शर्टाला पुसायची आणि पिशवीवरूनच बोट फिरवायची. भाताच्या पात्यांनी बोटांना बारीक चिरा पडल्या होत्या. काच त्या बोटांना दादच देत नव्हती.

"परत?" पुढच्या ओळीतून रखमाबाईनं विचारलं. सासू कापताना मान वळवायची नाही.

"किर्तीची आई. आज युनिफॉर्म का रंगीत कपडे, ते विचारतेय."

"काल सांगत व्हतीस ना कोणाला तरी?"

"ते ग्रुपवर सांगितलं. हिला वेगळं सांगावं लागतं, आई."

रखमाबाईच्या विळ्याचा चर्रचर्र आवाज जरा जोरात यायला लागला.

गावाच्या पाठीमागे बारवी धरणाच्या बाजूचे डोंगर होते आणि त्यांच्या माथ्यावर दोन दिवसांपासून ढग बसून होते. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता. हळवं भात घरात आलं होतं, हे खालचं गरवं, उशिरा पिकणारं, तेवढं उभं होतं. खाचरात अजून ओल होती, त्यामुळे कापणीचं मशीन आत उतरेना. संतोषला अंबरनाथच्या कारखान्यात सुट्टी मिळेना. तेव्हा सकाळी तासभर आणि दुपारनंतर पुन्हा, अशी सासू-सूनच कापत होती. सोबत वरच्या ठाकूरवाडीतली भिकी. भिकीचा नवरा वीटभट्टीवर गेला होता, पोरगी रंजना आश्रमशाळेत. भिकी एकटीच दोघींएवढं कापायची.

साडेसातला संतोषनं बांधावरून हाक दिली. संजीवनी धावत घरी गेली, अंगावर दोन तांबे घेतले, साडी गुंडाळली. मोटरसायकलवर मागे बसून बदलापूर येईपर्यंत तिनं नऊ जणांना उत्तरं दिली. कोणाला डब्यात पनीर चालेल का, हे हवं होतं. कोणाला शेजारी बसणारी मुलगी बदलून हवी होती. एका बाबांनी फक्त प्रश्नचिन्ह पाठवलं होतं.

शाळा अंबरनाथला, तीन मजली, खासगी. संजीवनीकडे सीनियर केजीचा वर्ग, छत्तीस मुलं. तिसरं वर्ष चालू होतं आणि या मार्चला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. जूनमध्ये मुख्याध्यापिका मॅडमनी सगळ्या टीचरना बसवून सांगितलं होतं, "पालकांचा मेसेज आला की वीस मिनिटांत उत्तर. सकाळी सात ते रात्री नऊ. आपल्याकडे पालक फी भरतात ती कशासाठी?" समोरच्या रस्त्यावर आणखी दोन शाळा निघाल्या होत्या. टीचर खाली बघत बसल्या होत्या.

किर्तीची आई सोनिया रोज पहिली असायची. मूळ उल्हासनगर कॅम्प एकची. नवऱ्याचं कापडाचं दुकान अजून तिथंच होतं, राहायला मात्र ते अंबरनाथच्या नव्या टॉवरमध्ये आले होते. चौदाव्या मजल्यावरून तिचे मेसेज यायचे. टीचर, किर्ती रोई क्या? टीचर, डबा संपवला? फोटो भेजो ना प्लीज. संजीवनी फोटो पाठवायची. फोटोत किर्ती कधी हसत नसली तर त्याचाही मेसेज यायचा.

शुक्रवारी तीन वाजता संजीवनी घरी आली, शर्ट चढवला आणि खाचरात उतरली. गुरुवारी कापलेल्या मुठींचे कडपे वाळत पडले होते. शनिवारी ते बांधून खळ्यावर न्यायचे होते. मोबाईल शनिवारी संध्याकाळी पाऊस दाखवत होता.

भिकी कापायची थांबली आणि तिच्याजवळ आली. भिकी कधी थांबत नसे, म्हणून संजीवनीनं वर बघितलं.

"वैनी, तुझ्या फोनावरनं एक फोन लागंल?"

"कोणाला?"

भिकीनं पोलक्यातून घडी घातलेला कागद काढला. घामानं त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. "रंजनाच्या शाळंचा लंबर हाय. आमच्या वाडीतली एक पोर काल घरला आली. ती सांगं, रंजना चार दिस झोपून हाय. जेवाया पण उठं नाय." ती थांबली. "खोटंपण आसंल. पोरी काय पण सांगतात."

"तुम्ही याआधी कधी केला होता तिथं फोन?"

"मी?" भिकी हसल्यासारखं करून म्हणाली, "मास्तरला काय इचारायचं आपण?"

खाचरात मेसेज यायचे, पण संजीवनीच्या फोनला बोलण्याएवढी रेंज एकाच जागी मिळायची, वरच्या बांधावर उंबराजवळ. दोघी तिथं गेल्या. संजीवनीनं नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी नुसताच खरखर आवाज. भिकी शेजारी उभी, विळा हातातच, आणि फोनकडे अशी बघत होती की जणू त्यातून कोणीतरी बाहेर येणार आहे.

"नाय उचलत तर राहू दे, वैनी."

"थांबा हो."

सातव्या वेळी कोणीतरी उचलला. पुरुषाचा आवाज, धापा टाकणारा. "कोण आहे? एकसारखा फोन चालू आहे!"

"सर, नमस्कार. पाचवीतली रंजना, तिच्या आईला बोलायचंय. मुलगी आजारी आहे असं कळलं..."

"तुम्ही कोण? नातेवाईक?"

"नाही. मी... आम्ही गावातले. मी स्वतः शिक्षिका आहे."

"मग तुम्हाला तरी कळायला पाहिजे, मॅडम." त्यानं श्वास घेतला. "इथं एकशे ऐंशी मुलं आहेत. अधीक्षक रजेवर, स्वयंपाकी कालपासून नाही. मी हरिचंद्र, गणिताचा शिक्षक, मी आत्ता भात उतरवतोय चुलीवरून. एकेका पालकाचा सात-सात वेळा फोन आला तर मी करायचं काय?"

संजीवनीच्या कानाची पाळी तापली. हे वाक्य तिच्या स्वतःच्या तोंडात कितीदा आलं होतं आणि कितीदा तिनं ते गिळलं होतं.

"सर, नुसतं बघून सांगा. आईचं म्हणणं एवढंच, एकदा आवाज ऐकवा."

"संध्याकाळी करा." फोन बंद झाला.

"काय म्हनलं?" भिकीनं विचारलं.

"बघून सांगतो म्हणाले. संध्याकाळी."

भिकी खाचरात उतरली. पण कापताना ती आता सारखी मान वर करत होती. अर्ध्या तासानं संजीवनीच बांधावर चढली. चार वेळा लावला. मग एकदा, मग पुन्हा. साडेपाच ते सहा ती तिथंच उभी राहिली, मध्ये येणारे मेसेज न उघडता. कोणी उचलला नाही. भिकी खाली उभी राहून वर बघायची आणि संजीवनी मान हलवायची.

घरी येऊन हात धुतल्यावर तिनं मेसेज उघडले.

सोनियानं फोटो पाठवला होता. किर्तीचं मनगट, त्यावर लाल पट्टा. "टीचर ये क्या हुआ है? किसीने पकडा क्या?" मग अकरा कॉल. संजीवनीचा फोन सारखा लागलेला होता, नाहीतर रेंजबाहेर. मग सोनियानं तोच फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली एकशेचाळीस मेसेज. कोणी लिहिलं होतं, टीचर लोक मुलांना हाताला धरून ओढतात. कोणी लिहिलं होतं, उत्तर देत नाही याचा अर्थ काहीतरी आहे. शेवटी मुख्याध्यापिकांचा मेसेज, फक्त तिला: उद्या अकरा वाजता ऑफिसमध्ये.

"काय झालं होतं हाताला?" संतोषनं विचारलं. तो नुकताच आला होता, डबाही पिशवीतून काढला नव्हता.

"मुली मनगटावर स्केचपेननं घड्याळं काढत होत्या. मी म्हटलं, धुऊन या. किर्ती धुवायला गेली नाही, खोडरबरनं घासत बसली. मी रबर काढून घेतला तिच्या हातातून." तिनं सोनियाला हेच लिहिलं. मेसेज पोचला, वाचला गेला. उत्तर आलं नाही.

"तुला शेतात फोन न्यायलाच सांगितलं कोणी," संतोष म्हणाला.

"नेला नाही तरी हेच झालं असतं."

"मग त्या भिकीसाठी तासभर..." तो बोलता बोलता थांबला. रखमाबाई चुलीपुढून त्याच्याकडे बघत होती.

शनिवारी सकाळी भिकी उजाडायच्या आधीच खाचरात होती. संजीवनीला बघून तिनं काही विचारलं नाही. ती पेंढ्याचे बंद वळत होती आणि कडपे गोळा करून भारे आवळत होती. गुडघा भाऱ्यावर दाबून, दात खाऊन. ढग डोंगरावरून उतरून झाडांपर्यंत आले होते. हवेत भाताचा आणि ओल्या मातीचा कोंदट वास होता.

"मी शाळेतून पुन्हा लावते," संजीवनी म्हणाली.

"व्हय," भिकी म्हणाली.

ऑफिसमध्ये एसी चालू होता. मुख्याध्यापिका मॅडम टेबलामागे, समोरच्या खुर्चीत सोनिया. संजीवनीनं सोनियाला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं. तिशीची असेल. केस नीट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. पर्स मांडीवर घट्ट धरून ती बसली होती.

"बसा. फोन सायलेंट करून टेबलावर ठेवा," मॅडम म्हणाल्या. "खोडरबरचं मी वाचलं. वर्गातल्या दुसऱ्या मुलीही तेच सांगतात. तो विषय नाही. विषय असा, की साडेतीन ते सव्वासहा तुम्ही कुठे होता?"

"शेतात होते, मॅडम. आमची कापणी चालू आहे."

"शेतात." मॅडमनी तो शब्द सावकाश उच्चारला. त्यांची नजर संजीवनीच्या बोटांवर गेली. संजीवनीनं हात टेबलाखाली घेतले.

"अकरा बार फोन किया मैंने," सोनिया म्हणाली. "बिझी, बिझी, बिझी. मला वाटलं, टीचर मुद्दाम कट करतेय. मी किती घाबरले माहितीय तुम्हाला?"

संजीवनी उत्तर देणार तोच टेबलावरचा फोन उजळला. काल सेव्ह केलेलं नाव: आश्रमशाळा. फोन काचेवर आवाज न करता थरथरत हळूहळू सरकायला लागला.

"राहू द्या तो," मॅडम म्हणाल्या.

संजीवनीनं तो उचलला. आपण उचलतोय हे तिला उचलल्यावरच कळलं.

"मॅडम, हरिचंद्र बोलतोय." आजचा आवाज वेगळा होता, घाईचा पण खाली आलेला. "मुलीला ताप आहे. बराच आहे. घ्या, बोला तिच्याशी."

मग नुसता श्वास. मग बारीक, कोरडा आवाज. "आये?"

"आई नाही, रंजना, मी संजीवनी वैनी. थांब, फोन ठेवू नको. आईला देते." तिनं सासूच्या साध्या फोनचा नंबर लावला. रखमाबाईनं दुसऱ्याच घंटीला उचलला. "आई, भिकीला द्या. लवकर. रंजना आहे." दोन्ही कॉल जोडले आणि ती फोन हातात धरून बसली.

"टीचर, इथे मीटिंग चालू आहे!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"दोन मिनिटं द्या." संजीवनीच्या तोंडून विनंती करताना जो स्वर यायचा तो आला नाही.

भिकीला फोन कसा धरायचा ते माहीत नसावं. तिचा आवाज लांबून, ओरडल्यासारखा आला, इतका मोठा की खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "रंजे! रंजे गं! काय व्हतंय तुला?"

पलीकडून रडणं आलं. शब्द नव्हते. मग, "आये, मला ने इथनं."

"येते. निजून राहा. येते मी." भाताची सळसळ आली, रखमाबाईचा काहीतरी बोलण्याचा आवाज आला आणि फोन तुटला.

"किसकी बच्ची है?" सोनियानं विचारलं.

"आमच्या शेतावर येतात, त्यांची. पाचवीत आहे. काल मी तिच्याच शाळेत फोन लावत होते." संजीवनीनं फोन पुन्हा टेबलावर ठेवला. "म्हणून बिझी येत होता."

मुख्याध्यापिकांनी घसा साफ केला. वाईट वाटतं, त्या म्हणाल्या, पण शाळेला सगळ्यांना एकच नियम लावावा लागतो. एक कागद पुढे आला. यापुढे पालकांना ठरलेल्या वेळेत उत्तर देईन, अन्यथा होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन. संजीवनीनं सही केली. चिरलेल्या बोटात पेन नीट बसत नव्हता, सही वाकडी आली.

जिन्यात सोनियानं तिला गाठलं. "टीचर." ती दोन पायऱ्या वर थांबली होती. "मी जास्त करते ना?"

संजीवनीला हो म्हणवेना आणि नाही म्हणायची तिची इच्छा नव्हती.

"घर पे वो कुछ बोलतीच नहीं," सोनिया म्हणाली. "मी विचारते, ती टीव्ही बघते. नवरा दुकानातून येतो तेव्हा ती झोपलेली असते. दिवसभर तिचं काय झालं ते मला तुम्ही सांगता तेवढंच कळतं." तिनं पर्स खांद्यावर घेतली आणि पुढे काही न बोलता खाली उतरून गेली.

बदलापूरहून रिक्षा मिळेपर्यंत दीड वाजला. गावाच्या वेशीला पहिले थेंब आले, बोराएवढे. संजीवनी साडी खोचून तशीच खाचरात धावली. रखमाबाई एकटीच होती. डोक्यावर भारा, पाय घोट्यापर्यंत चिखलात. अर्धं भात अजून खाली पडलेलं. भिकीचा विळा बांधावर होता.

"गेली?"

"फोन माझ्या हातात दिला आन चालू पडली. अंगावरच्या लुगड्यानिशी." रखमाबाई धापा टाकत होती. "सत्तर भारे राहिलेत. आता बस बोंबलत."

"तुम्ही थांबवलं नाही?"

"थांबवू?" रखमाबाईनं भारा खाली आपटला. "मीच म्हनलं, जा. भाकर बांधून दिली आन जा म्हनलं. आता उचल, बघत काय उभी ऱ्हायलीस!"

दोघींनी उचललं. चारला संतोष आला, तो शर्ट काढूनच खाचरात घुसला. पाऊस मध्येच थांबायचा, पुन्हा यायचा. ओल्या भाऱ्याचं वजन मानेत उतरायचं, पाणी कानामागून पाठीत ओघळायचं. फोन घरात खुंटीला टांगलेला होता. वीस मिनिटं झाली असतील, असं तिच्या मनात यायचं. पुन्हा वीस झाली असतील. खळ्याच्या वाटेवर तिचा पाय दोनदा घसरला. अंधार पडेस्तोवर चाळीसेक भारे ताडपत्रीखाली गेले. उरलेले भिजले. रखमाबाईनं त्यातली एक लोंब चुरगाळून बघितली आणि टाकून दिली.

रविवारी सकाळी भिकी आली. एका जीपवाल्यानं फाट्यावर सोडलं होतं. अकरा वर्षांची रंजना तिच्या कडेवर होती, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. मुलीचे ओठ फुटले होते आणि ती उन्हात असूनही कुडकुडत होती. संतोषनं मोटरसायकल काढली. रंजना मध्ये, मागे भिकी, आणि पाठोपाठ रिक्षानं संजीवनी, अशी सगळी बदलापूरच्या सरकारी दवाखान्यात गेली. रक्त तपासलं. मलेरिया. डॉक्टरनं कागदावरून मान वर न काढता सांगितलं, आणखी दोन दिवस काढले असते तर कठीण होतं.

सलाईन लावली तेव्हा भिकी कॉटशेजारी जमिनीवर बसली होती. मुलीचा लोंबता हात तिनं धरून ठेवला होता. तिनं कोणाचे आभार मानले नाहीत. फक्त एकदा म्हणाली, "भात भिजलं ना, वैनी?"

"थोडं."

"मी येऊन कापीन बाकीचं."

दुपारी हरिचंद्र सरांचा फोन आला. कशी आहे मुलगी? संजीवनीनं सांगितलं. चार वाजता पुन्हा आला. सहाला पुन्हा. या वेळी ती व्हरांड्यात गेली.

"सर, तुम्हाला तक्रारीची भीती वाटत असेल तर..."

"ती वाटतेच," तो म्हणाला. मागे मुलांचा गलका चालला होता, कोणीतरी थाळी आपटत होतं. "मॅडम, रंजना शांत मुलगी. दंगा करणारी दहा-वीस असतात, त्यांच्यामागे माझा दिवस जातो. ती पहिल्या बाकावर बसते, वही पूर्ण करते, म्हणून माझं लक्षच जात नाही तिच्याकडे. चार दिवस बाक रिकामा होता. मी हजेरीत गैरहजर लिहीत होतो. रोज लिहीत होतो."

"उद्या सकाळी कळवते," संजीवनी म्हणाली, "सात वाजता."

"कळवा," तो म्हणाला. "विसरू नका."

सोमवारी वर्गात मधल्या सुट्टीत मुलं डबे उघडून बसली होती. संजीवनीनं फोन काढला. सोनियाचा मेसेज नव्हता. बाकीचे बावीस होते. त्यांना एकेक उत्तर देता देता तिचं बोट थांबलं. तिनं हजेरीचं पुस्तक ओढलं आणि ग्रुपवरची नावं एकेक करून ताडून बघायला लागली. कोणाची आई, कोणाचे बाबा, कोणी काय विचारलं होतं. सगळ्यांच्या घरचा आवाज तिच्या ओळखीचा होता. एकोणीस नंबरपाशी ती अडली. संघमित्रा. जूनमध्ये तिच्या वडलांचा नंबर ग्रुपमध्ये घातला होता, त्यानंतर तिकडून एक शब्द नाही. तिला त्या माणसाचा चेहराही आठवेना.

तिनं नंबर लावला.

"हॅलो, संघमित्राचे बाबा का? मी शाळेतून, संजीवनी टीचर."

पलीकडे गठ्ठे टाकल्याचे धप्प-धप्प आवाज येत होते. "काय झालं मॅडम? पडली का?"

"नाही, काही झालं नाही."

"मी निघतो. कॅम्प एकला गोडाऊनवर आहे, अर्ध्या तासात पोचतो. जास्त लागलंय का? खरं सांगा."

"अहो, ती छान आहे. माझ्यासमोर आहे. मी सहज फोन केला."

"सहज?" त्याला तो शब्द पटला नव्हता. "फी राहिली का काही?"

"नाही हो. खरंच सहज."

त्याचा श्वास ऐकू येत होता, ओझं उचलणाऱ्या माणसाचा, खोल. मग त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "काय करतेय ती आत्ता?"

संजीवनीनं वर बघितलं. डबा संपवून संघमित्रा कोपऱ्यात उकिडवी बसली होती.

"सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीत लावतेय. लाल एकीकडे, निळ्या एकीकडे. कोणी सांगितलेलं नाही तिला. एक बाटली दोन रंगांची आहे, ती कुठे ठेवावी ते कळत नाहीये तिला. हातात घेऊन बसलीय."

पलीकडे कोणीतरी ओरडलं, "धम्मदीप, अरे गाडी लागली, चल!"

"एक मिनिट," तो त्या माणसाला म्हणाला. मग फोन तोंडाशी धरून म्हणाला, "बोला मॅडम. अजून सांगा."